पुन्हा चालू करून बघू नका

ही माझी धाकटी बहीण. घरात चिमी, गिऱ्हाइकांची ताई. कॉम्प्युटर दुरुस्तीत तिचा हात धरणारा आख्ख्या गावात नाही, आणि हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. बरं, भाऊ म्हणूनच सांगतो! मी आठवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण तिच्या दुकानाची पाटी माझ्या अक्षरात आहे: 'बंद पडला तर पुन्हा चालू करून बघू नका.' का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

त्या दुपारी ती पार्सल आणायला गेली होती. वॉलमन काका कॉम्प्युटरचा डबा पोटाशी धरून आत आले. वीस वर्षं गावाला पाणी सोडणारा माणूस, घामाने निथळत होता.

"ताई कुठेय? सकाळपासून सुरूच होत नाही."

"बसा हो! ताई नसली म्हणून काय झालं, दादा आहे ना!"

मी वायर लावली, बटण दाबलं. आतून टक, टक, टक.

"बघा, धुगधुगी आहे!" पुन्हा दाबलं. पुन्हा टकटक.

तेवढ्यात चिमी दारात. पार्सल तिथेच टाकून तिने प्लग उपटला.

"किती वेळा दाबलंस?"

"दोनदा. तीनदा असेल."

"दादा, ती पाटी कुणी लिहिली?"

ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "हार्ड डिस्क जायला आलीय. आतल्या तबकडीवर सुईसारखा भाग फिरतो, तो चुकतोय. दरवेळी चालू केलं की ओरखडा पडायची भीती."

काका स्टुलावर बसले. "उद्या आठला दवाखान्यामागच्या चौकात गटारासाठी जेसीबी मशीन खणणार आहे. पाइप कुठून गेलाय, त्याचं माप ह्यात आहे. कागद वाळवीने खाल्ले. अंदाजाने सांगितलं आणि हातभर चुकलो, तर आख्ख्या दवाखान्याचं पाणी जाईल."

"अशा किती चौकांची मापं आहेत ह्यात?"

"एकशे चाळीस. प्रत्येकाची वेगळी फाइल."

"आणि दुसरी कॉपी?"

काकांनी नकारार्थी मान हलवली.

चिमीने डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली. "सगळं मागू नका, काका. ही किती वेळ तग धरेल, देव जाणे. आधी एकच फाइल. नाव सांगा."

"नऊ-ब. दवाखान्याचा चौक."

"दादा, पंखा बंद कर. आणि तोंडही."

दोन्ही बंद केली. तिने डिस्कला कान लावला आणि चालू केली. यादी आली. नऊ-ब सापडली, कॉपी सुरू झाली. वीस टक्के. चाळीस. साठ. टक.

आकडा जागचा हलेना. काकांनी माझा दंड धरला, नखं रुतली. चिमीने माउसला हात लावला नाही. डिस्क अलगद उचलून आडवीची उभी केली आणि तशीच धरून बसली. तिचा हात लाकडासारखा स्थिर, पण कानामागून घामाचा ओघळ चालला होता.

एकसष्ट. सत्तर. झालं.

पडद्यावर रेघा आणि आकडे उमटले. काकांना हुंदका आला. चिमीने मान वर न करता पुढच्या फायली ओढायला घेतल्या. आणखी दोन आल्या. मग आत खर्रर्र झालं आणि सगळं शांत.

"गेली," ती म्हणाली.

"माझ्यामुळे?" मी विचारलं.

"असेलही. नसेलही. दादा, उद्या सकाळी काकांबरोबर जा."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मशीनवाला पंजा उचलून तयार. काकांनी खांबापासून टेप लावला, सव्वातीन मीटर. "इथे हाताने खणा." फावडं पाइपला टेकलं, ठण्ण! पंजा पडणार होता अगदी तिथेच. मशीन पलीकडे सरकलं, दवाखान्याचे नळ चालू राहिले. ही करामत कुणाच्या बहिणीची, ते मी मशीनवाल्याला सांगूनही टाकलं.

"एकशे सदतीस चौक पुन्हा मोजायचे राहिले," काका म्हणाले आणि टेपचं एक टोक माझ्या हातात देऊन पुढच्या चौकाकडे चालू लागले.