हलक्या हाताने भरलेली काडतुसे

नोकरीत खुनाचे गुन्हे पुष्कळ पाहिले. त्यातले निम्मे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुऱ्हाड कुठल्या गावात चालली आणि विळा कुठल्या, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण दुसरबीडच्या बाजूच्या एका मळ्यातले प्रकरण तसेच्या तसे मनात राहिले आहे, आणि तो तर खूनही नव्हता. नावे सांगत नाही. ती माणसे आजही तिथेच शेती करतात आणि लोकांची बोलणी त्यांनी आधीच भरपूर ऐकली आहेत.

मी तेव्हा त्या भागात ठाणेदार होतो. हरभऱ्याला घाटे लागायचे दिवस होते. या दिवसांत आमच्याकडे रोह्यांचा फार उपद्रव. नीलगाईला आम्ही रोही म्हणतो. दहा-बारांचा कळप शेतात शिरला की खातो थोडे आणि तुडवतो जास्त. म्हणून काही घरांना पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना असतो. सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना पोलीस पाटलाचा फोन आला की मळ्यात रायफल फुटली आणि चालवणारा जागीच गेला.

मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल करून आम्ही निघालो. मयत दोघा भावांतला धाकटा होता. रायफलीची नळी मधोमध उकलली होती आणि तिचा तुकडा मानेत शिरला होता. जवळ दोन रिकाम्या पुंगळ्या मिळाल्या. एक दुकानातल्या काडतुसाची, नवी. दुसरी जुनी, पुन्हा पुन्हा वापरलेली. थोरला भाऊ बांधावर बसून होता. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हते, तो कोणाशी बोलत नव्हता, आणि जमलेल्या लोकांनी तेवढ्यावरून त्याचा निकाल लावून टाकला होता.

दुपारी पंचनामा आटोपून ठाण्यात आलो, तर गावातला एक इसम आधीच हजर. असा एक माणूस प्रत्येक गावात असतो. त्याला ठाण्यातला चहा घरच्या चहापेक्षा गोड लागतो. त्याने खुर्ची पुढे ओढून सांगितले की या भावांचा विहिरीच्या पाळीवरून कित्येक महिन्यांपासून अबोला आहे, काडतुसे थोरलाच घरी भरतो, आणि आदल्या संध्याकाळी तो बांधावर उभा राहून धाकट्याकडे टक लावून पाहत होता.

"पाळतच ठेवून राह्यला व्हता साहेब. मी माह्या डोयानं पाह्यलं," तो म्हणाला.

माहिती चोख होती. पुढे तिच्यातला शब्दन् शब्द खरा निघाला. खबऱ्याची माहिती खरी असली म्हणजे तिचा अर्थही खरा असतो, असे मात्र नाही.

थोरल्याच्या घराची झडती घेतली. धान्याच्या कोठीमागे एका पेटीत बंदुकीची दारू, टोप्या, शिशाच्या गोळ्या आणि काडतूस दाबायचे हातयंत्र सापडले. टोपी म्हणजे पुंगळीच्या बुडाशी बसवतात ती. घोडा पडला की आधी ती पेटते आणि मग दारू. परवाना बंदूक बाळगण्याचा होता, घरात काडतुसे भरण्याचा नव्हता. सगळे लाखेचे सील लावून मुद्देमालात घेतले. दारू कुठून आली तो धागा वेगळा निघाला, त्यात एक जण पुढे पकडलाही गेला. त्याची गोष्ट इथे नको.

प्रयोगशाळेकडून कळले की दोन गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि पहिली बाहेर पडलीच नव्हती. ती नळीत अडकली. चालवणाऱ्याला कळले नाही, त्याने दुकानातले दमदार काडतूस घालून पुन्हा घोडा ओढला, आणि नळी फुटली. धाकट्याच्या घरून जप्त केलेली हातभरणीची काडतुसे तज्ज्ञांनी उघडून पाहिली. त्या सगळ्यांत दारू कमी होती. टोप्याही मोठ्या काडतुसाला साजेशा नव्हत्या, कमजोर होत्या.

माझ्या हाताखालचा फौजदार तरुण आणि हुशार. तो म्हणाला, सर, आता राहिले काय? वैर आहे, साधन आहे, संधी आहे. ज्याला काडतूस भरता येते त्याला हेही कळते की हलकी गोळी नळीत अडकते. वरून आरोपी स्वतःच कबूल आहे.

कबूल तर तो होताच. ठाण्यात आणल्यापासून एकच धोशा.

"लिहा साहेब, मीच मारलं त्याले. सही कुठं करू ते सांगा."

मला खटकले ते हेच. ज्याने जाणूनबुजून मारलेले असते, तो आधी गोष्टी सांगतो. मी तिथे नव्हतोच, मी तर बाजाराला गेलो होतो, मेलेला माझा जीव की प्राण. या माणसाने सुटकेसाठी एक शब्द उच्चारला नाही. जेवण दिले तर ताट बाजूला सारले. पोलिसापुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते हे खरे, पण तिच्या आधाराने खुनाचे कलम लावून तपास त्या दिशेने रेटता येतो. मग माणूस निर्दोष सुटला, तरी गावाच्या लेखी तो जन्मभर भावाचा मारेकरी राहतो. मी फौजदाराला म्हटले, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, जरा थांब.

थोरल्याला व्हरांड्यातल्या बाकावर बसवले. मी शेजारी बसलो आणि खुनाचा विषयच काढला नाही. विचारले, काडतूस भरायला कोणाकडून शिकलात? तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला.

त्याने जे सांगितले ते असे. काडतूस भरणे त्यांच्या बापाचे. बापाने थोरल्याला भरायला शिकवले आणि धाकट्याला झाडायला. ज्याचा हात स्थिर त्याने भरावे, ज्याची नजर पक्की त्याने झाडावे, अशी वाटणीच करून दिली. त्यामुळे धाकट्याला भरणीतले काही कळत नसे आणि कळून घ्यायची गरजही पडली नाही. बाप म्हणायचा, मोठ्या जनावराला दारू आणि टोपी निवडताना कंजुषी करू नये. काडतूस हलके पडले तर जनावर जागीच मरत नाही, हाल होऊन मरते.

पुढे अबोला झाला, तरी ही पद्धत मोडली नाही. शेतीची वाटणी झाली, चुली वेगळ्या झाल्या, पण बंदूक एकच आणि रोही दोघांच्याही शेतात शिरणार. थोरला काडतुसे भरून फडक्यात बांधून बायकोजवळ देई, ती जावेकडे पोचवी, आणि तिच्याकडून ती धाकट्याला मिळत. दोघी जावा एकमेकींशी बोलत होत्या. भाऊ बोलत नव्हते.

"मग या खेपेला दारू कमी का भरली?" मी विचारले.

तो म्हणाला, "मागच्या साली त्यानं एक मादी मारली साहेब. माह्याच काडतुसानं. ती घसटत घसटत माह्या वावरात आली. गाभण व्हती. पोटातलं हालून राह्यलं व्हतं. मी आन माही बायको, दोघांनी पुरली तिले. तवापासून पुरी दारू भराले हातच होत नव्हता. म्हटलं, आवाज व्हईन, कळप पळन, गोळी ढेकळात पडन. कोणाचं काय जाते?"

आणि टोप्या? त्याही त्याने मुद्दाम कमजोर निवडल्या होत्या, त्याच हिशेबाने. थंडीत अशी टोपी दारू नीट पेटवत नाही आणि गोळी नळीतच राहू शकते, हे त्याला ठाऊक होते. हातभरणीचे काडतूस बारीक वाजले तर दुसरे घालू नये, आधी नळीतून आरपार उजेड दिसतो का पाहावे, हा त्याच्या बापाचा नियम.

"हे भावाला माहीत होतं?"

"त्याले काऊन माहीत राहीन? पुरं भरलेलं काडतूस कधी बारीक वाजलंच नाई."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगाले गेल्तो साहेब," तो म्हणाला. "बांधावर उभा राह्यलो. त्यानं पाह्यलंच नाई. मीबी मंग आवाज नाई देल्ला."

मला त्याचे पटले. पण आरोपीचे पटून ठाणेदाराला भागत नाही. साक्ष हवी होती. बांधावर तो उभा होता हे सांगणारा साक्षीदार आमच्याकडे होता, पण त्याच्या लेखी ती पाळत होती. त्या वेळी मळ्यात आणखी एकच व्यक्ती होती. मयताची बायको.

तिचा जबाब घ्यायला मी महिला हवालदाराला घेऊन गेलो. खरे सांगतो, जाताना मनात धाकधूक होती. नवरा गेलेला, दिराकडून नव्हे तर भासऱ्याकडून, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाकडून. गावातले चार जण रोज येऊन तिला सांगत होते की त्याला फासावर चढव. ती एवढेच म्हणाली असती की हो, तो डूख धरून पाहत होता, तरी मला खुनाचे कलम लावावेच लागले असते.

तिने भिंतीकडे पाहत सांगितले. "उभे व्हते खरं. काहीतरी सांगाले आलेले दिसत व्हते. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मी मालकाले म्हटलं, पाहा बरं, भाऊ उभे हायेत. त्याईनं कांद्याच्या वाफ्यातून मान वर नाई केली. म्हणे, काम असन तर बोलन तो."

"मग तुम्ही का नाही विचारलं?"

ती माझ्याकडे वळली. "भासरे हायेत साहेब ते. आमच्यात भासऱ्यासंग बोलत नाईत. पदर घेतला आन घरात गेली." मग म्हणाली, "एवढं बोलली असती त माहा माणूस असता."

मी तो जबाब जसाच्या तसा नोंदवून घेतला. खुनाचे कलम लावले नाही. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होणे आणि शस्त्र कायद्याची कलमे, एवढ्यावर दोषारोपपत्र गेले. थोरल्याने कोर्टात गुन्हा नाकारला नाही. शिक्षा झाली, ती त्याने भोगली. परवाना रद्द झाला. त्या फौजदाराने नंतर मला विचारले होते की सर, ती बाई खोटे बोलली असती तर? मला आजही त्याचे उत्तर ठाऊक नाही.

निवृत्तीनंतर एका लग्नासाठी सिंदखेडराजाकडे जाताना गाडी त्या मळ्याजवळ थांबवली. दुपारची वेळ होती. थोरला बांधावर उभा होता, फार थकलेला. त्याने मला ओळखले नाही. पलीकडे कांद्यात ती बाई खुरपत होती, आणि हा तिच्याकडे तोंड करून मोठ्याने सांगत होता, "मोटर चालू करून राह्यलो. पाणी तिकडच्या वाफ्याले पहिले येईन. पाय सांभाळून."

बाजूच्या शेतातला एक जण मला म्हणाला की हे असे रोज चालते. म्हातारा कुठे जाऊन राह्यला, काय आणून राह्यला, सगळे बांधावरून ओरडून सांगतो. भासऱ्याने भावजयीला हाका मारायच्या, लोक नावे ठेवतात. थोडा भ्रमिष्ट झाला म्हणतात.

या प्रकरणाने मला तपासातली एक गोष्ट शिकवली. तोवर मी दोन माणसांत काय बोलणे झाले ते विचारायचो. त्यानंतर काय बोलायचे राहून गेले, तेही विचारू लागलो. पुष्कळदा गुन्ह्याचे मूळ तिथेच सापडले. पण तपासाला उपयोग झाला म्हणून मन हलके होत नाही. एका मुक्या जनावराची दया आली म्हणून एका माणसाने चिमूटभर दारू कमी भरली, आणि सख्ख्या भावाला तेवढे सांगायला त्याची जीभ उचलली नाही. दया करणे त्याला जमले, हाक मारणे जमले नाही. मला त्याचा राग कधी आला नाही, फार वाईट वाटले, आणि अजून वाटते.

मी गाडीकडे वळलो तेव्हा त्या बाईने खुरपे खाली ठेवले, पदर डोक्यावरून न ओढता ती उभी राहिली आणि सरळ त्याच्याकडे पाहून म्हणाली, "हाव, ऐकलं."