हरणाखालच्या खोल्या

रस्त्याकडेच्या जुन्या मोटेलात तुम्ही शेवटचे कधी झोपलात? फोटो किती काढलेत ते विचारत नाही. झोपलात कधी?

मोटेल चालवणाऱ्या यूलालिया बाकाला असं तोंडावर विचारता येत नाही, गिऱ्हाईक दुखावतं. मला येतं. मी न्यू मेक्सिकोच्या या पट्ट्यात मोटेलं झाडणाऱ्या बायकांची संघटना चालवते, आणि माझी भाकरी गिऱ्हाइकाच्या मर्जीवर नाही.

यूलालियाचं मोटेल जुन्या महामार्गावर आहे. घोड्याच्या नालेच्या आकाराची बैठी इमारत, दोन खोल्यांच्या मध्ये गाडीपुरतं छप्पर, गुलाबी फरशीची न्हाणीघरं. चादरी मागच्या दोरीवर वाळतात, इथल्या वाऱ्याला वेळ लागत नाही. नवरा गेल्यापासून ती एकटीच सगळं बघते. तिची रीत एकच : किल्ली आधी, पैसे मागाहून.

"जा, पलंगावर बसून ये. नाही पटलं तर किल्ली ठेव आणि चालू लाग. मी रुसणार नाही."

फोनवरून खोली राखून ठेवायला ती तयार नसे. तोंड न बघता अंथरूण कुणाला द्यायचं, हा तिचा सवाल. इकडे फाट्यावर, नव्या चौपदरी रस्त्याला लागून, तिमजली हॉटेलं उभी राहिली. शेवटी मुलीनं तिच्याकडून कबूल करून घेतलं : येत्या उन्हाळ्यात निम्म्या खोल्या भरल्या नाहीत, तर जागा पेट्रोल पंपवाल्यांना द्यायची.

त्याच वर्षी गावच्या समितीनं तिची निऑनची पाटी दुरुस्त करून दिली. उडी मारणारं निळं हरीण पुन्हा पेटलं आणि दिवेलागणीला माणसं लोटू लागली. अंगणभर गाड्या, तिपायांवर कॅमेरे, हरणाखाली नवरानवरी. अंधार पडला की सगळे झोपायला फाट्यावर. खरोखर खोली हवी असलेला एक ट्रकवाला आत शिरायला जागा नाही म्हणून पुढे गेला, हे मी स्वतः पाहिलं.

जुलैतल्या, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यातल्या, एका संध्याकाळी तिनं पाटी पेटवलीच नाही.

बाहेर कुजबुज झाली. मग ओहायोहून आलेला एक टकलू कॅमेरा गळ्यात घेऊन आत आला. त्याची बायको मागे.

"बाई, दिवा लावा ना. आकाशाचा रंग चाललाय."

"जाऊ दे. उद्या परत येतो तो."

"आम्ही उद्या नसू."

"मग आज राहा. जो खोली घेईल त्यानं बटण दाबायचं. आजपासून असंच."

बातमी लागताच समितीचा वेंडल प्रुइट धावत आला. "यूलालिया, पाटी गावानं दुरुस्त केलीय. ती पेटलीच पाहिजे."

"पेटव की. तूही खोली घे, वेंडल. तुझी बायको घरी एक रात्र तरी तुझ्या घोरण्यावाचून झोपेल."

वेंडलचे कान लाल झाले. ओहायोची बाई हसत सुटली. तिनं किल्ली उचलली, खोलीत जाऊन पलंगावर बसून आली आणि नवऱ्याला म्हणाली, "गादी चांगली आहे. दाब ते बटण, आता मी कुठे हलत नाही."

हरीण पेटलं. बाकीच्यांनी फुकटात फोटो काढले आणि गेले. दोन गाड्या मात्र थांबल्या.

उन्हाळा सरला तेव्हा भरलेल्या खोल्या निम्म्याहून किंचित कमी निघाल्या. मुलगी आल्बुकर्कीहून आली, मोटेलभर फिरली, आईशी भांडली, रात्री तिथेच झोपली. सकाळी एवढंसं तोंड करून बीन्स आणि हिरवी मिरची खाता खाता म्हणाली, "पुढचा उन्हाळा. शेवटचा." पंपवाले तोवर थांबायला तयार झालेत.

म्हणून सांगते. या रस्त्यानं आलात तर उजेडी या, गाडी छपराखाली लावा, किल्ली मागा आणि रात्रभर राहा.