साडूंचा ट्रेलर

देशाची अर्थव्यवस्था खुली झाली तेव्हा तिच्यावर पूर्ण विश्वास टाकणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा साडू होता. विश्वास पूर्ण होता, फक्त नोकरीचा राजीनामा त्यांनी सात-आठ वर्षांत चार वेळा लिहिला आणि तीन वेळा परत घेतला. खडकीला संरक्षण खात्याच्या कारखान्यात ते अवजड गाड्या चालवत. चौथा राजीनामा ते परत मागायच्या आत साहेबांनी मंजूर केला, तेव्हा साडूंनी क्वार्टर सोडलं, वाघोलीला माळावर दोन खोल्या बांधल्या आणि दारात एक जुना घोडा आणून उभा केला. घोडा म्हणजे ट्रेलर ओढणारं नुसतं पुढचं डोकं. मागचा ट्रेलर कोणत्या जातीचा घ्यायचा, एवढंच ठरायचं राहिलं होतं. ते ठरायला दोन वर्षं लागली.

ट्रेलरच्या जाती तीन, हे मला त्या दोन वर्षांत इतक्या वेळा ऐकावं लागलं की आजही झोपेतून उठवलं तर सांगेन. एक सरळ सपाट, उंच पाठीचा; त्याच्यावर लोखंडाच्या गुंडाळ्या, पाइप, कंटेनर, काय वाटेल ते चढतं आणि रोज काम मिळतं, पण त्याच्यावर उंच यंत्र ठेवलं की ते पुलाला थडकतं. दुसरा लो-बेड, पोट जमिनीला टेकेल इतकं खाली घेतलेला. कामं कमी, पण मोठी. तिसरा सेमी, म्हणजे दोघांच्या मधला. सेमीबद्दल साडूंना विशेष आदर नव्हता. ‘मधला मार्ग काढणारे लोक सरकारी समितीत बरे,’ असं ते म्हणत. तोवर ते दुसऱ्यांचे ट्रेलर आपल्या घोड्याला जोडून भाड्याने ओढत, आणि संध्याकाळी ज्याचा त्याला परत करताना त्याचे दोष समजावून सांगत. त्यामुळे तेही काम हळूहळू कमी झालं.

प्रश्न उंचीचा आहे हे पटल्यावर त्यांच्या खिशात कायम मोजपट्टी आली. आमच्याकडे चहाला आले की कपाट मोजत. मंडईत एकदा हमालाच्या डोक्यावरच्या पाटीची जमिनीपासूनची उंची घेत होते, तेव्हा भोपळेवाली म्हणाली, ‘काका, आमच्याकडं किलोवर इकत्यात, फुटावर न्हाई.’ मग बांबूला फुटांच्या खुणा करून ते शहरातले पूल मोजत हिंडले. खडकीच्या रेल्वे पुलाखाली हवालदाराने हटकलं.

‘काय चाललंय?’

‘पुलाची उंची घेतोय.’

‘वर पाटीवर लिहिलीय की.’

‘अहो, पाटी ज्याने लिहिली तो वर चढला होता का, आपल्याला माहीत आहे?’

हवालदाराने क्षणभर विचार केला आणि बांबू खालून धरला.

इकडे ताईचा, म्हणजे माझ्या मेव्हणीचा, धीर सुटत चालला होता. ‘दारात नुसतं मुंडकं उभं आहे. बायका विचारतात, अपघात झाला का,’ ती म्हणायची. शेवटी तिने सांगून टाकलं, ‘दिवाळीपर्यंत ट्रेलर आला नाही, तर मी स्वतः साहेबांना भेटून तुम्हाला परत कामावर चिकटवीन.’ साडूंना मरणाची भीती नव्हती, साहेबाची होती. दसऱ्याला लो-बेड दारात आला. ‘पुढचा सगळा माल उंचच येणार,’ ते मला म्हणाले. देशाच्या प्रगतीचं इतकं नेमकं भाकीत मी इतरत्र वाचलेलं नाही.

पहिलं काम हिंजवडीच्या एका संगणक कंपनीचं होतं. इमारत थंड ठेवायचं घराएवढं यंत्र त्याच दिवशी पोचवायचं होतं, कारण दुपारी उद्घाटन होतं. साडूंनी भट्टीचा, कडक इस्त्रीचा शर्ट घातला, ताई नारळ घेऊन केबिनमध्ये बसली, मी उगाच बसलो. खडकीचा पूल चार बोटं राखून डोक्यावरून गेला. साडूंनी गाडी थांबवली, उतरून पुलाकडे पाहिलं, आणि परत चढले. कंपनीच्या फाटकात मात्र गाडीने खालून कर्र आवाज केला आणि जागच्या जागी थांबली. त्याच सकाळी पिवळे पट्टे मारलेला गतिरोधक होता, आणि त्याच्यावर आमचा ट्रेलर पोट टेकून बसला होता. मागे फुलांनी सजवलेली पाहुण्यांची मोटार हॉर्न वाजवत होती. गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरुण अधिकारी धावत आला.

‘अंकल, इश्यू काय आहे?’

‘आपला गतिरोधक, साहेब.’

‘पण तो स्टँडर्ड आहे.’

साडू वाकले, मोजपट्टी लावली. ‘दहा इंच,’ ते हळूच म्हणाले. ‘माझं पोट नऊवर आहे.’ इतकी वर्षं साहेब टाळणारा माणूस त्या पोरसवद्या साहेबापुढे मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, पाचवं पत्र आता कामावर परत घ्या म्हणून जाणार.

ताई केबिनमधून उतरली. ‘दोन वर्षं वर बघत हिंडलात,’ ती म्हणाली, ‘खाली मी बघायचं होतं का?’ मग बांधकामावरच्या फळ्या मागवल्या, जॅक लावून चाकं उचलवली, फळ्या सरकवल्या, आणि पदर खोचून स्वतः समोर उभी राहून हाताने इशारे करत तिने यंत्र आत घेतलं. पाहुणे पायी आले. ताईच्या हातात नारळ पाहून एका स्वागतिकेने तिलाही गुच्छ दिला.

पुढे पंधरा वर्षं प्रत्येक मोठ्या कामाच्या आदल्या दिवशी दोघं स्कूटरवरून रस्ता बघून यायचे. ते वर बघायचे, ती खाली. संथ चाललेल्या स्कूटरवर मागे बसून रस्त्याकडे रोखून बघणारी ताई पाहून लोकांना वाटे, हिचं काहीतरी हरवलं आहे. साडूंनी परत कधी कोणाची नोकरी केली नाही.

आता त्यांच्या माळाभोवती सोसायट्या उभ्या आहेत. ट्रेलर अंगणातच असतो. साडू दर रविवारी त्याच्या चाकांतली हवा बघतात, ताई कधी कधी त्याच्यावर पापड वाळत घालते. मागच्या भेटीत मी विचारलं, हल्ली बाहेर काढत नाही का. कोपऱ्यावर गतिरोधक झाला आहे, अकरा इंचांचा, म्हणून निघत नाही, असं ते म्हणाले. मी म्हटलं, तक्रार करा. ते म्हणाले, नातीची शाळेची बस तिथे थांबते.

गतिरोधक व्हावा म्हणून दिलेल्या अर्जावर पहिली सही साडूंची आहे, दुसरी ताईची.