ढमीची गादी

गल्लीतल्या गादीवाल्यापासून कुणाचं काही लपून राहत नसे. माणसं जुनी गादी पिंजायला टाकून जात, आणि हा खोळ उसवण्याआधी तिच्यावरून तळहात फिरवी. कापूस कुठे दबला, कुठे सरकला, एवढ्यावरून त्याला अख्खं घर कळायचं. दोन कडांना दोन खड्डे आणि मधे उंचवटा लागला, की तो गिऱ्हाइकाला डोळा मिचकावून विचारी, "काय, सध्या बोलणं बंद वाटतं?" गिऱ्हाईक ओशाळायचं. या आगाऊपणापायी दोन-चार गिऱ्हाइकं कायमची तुटली, पण खोड काही जात नव्हती.

मग पोर गेली, आणि खोड आपोआप गेली.

एकुलती एक, चौदा वर्षांची. अंगाने काडी, म्हणून बापाने लाडाने ढमी नाव ठेवलेलं. झोपायची मात्र हातपाय पसरून, सगळं राज्य आपलंच असल्यासारखी. तिच्यासाठी त्याने मुद्दाम दोन माणसांच्या मापाची गादी भरली होती आणि बाईसाहेब बरोबर मधोमध झोपायच्या. साधा ताप म्हणता म्हणता पाच दिवसांत होत्याचं नव्हतं झालं.

त्यालाही आता आठ महिने झाले होते. नवराबायको उठत होती, जेवत होती, कामं उरकत होती. लोक म्हणायचे, काळ जाऊ द्या. काळ जात होता, तेच तर अंगावर येत होतं.

घरात वाद एकच उरला होता. बायको म्हणे, "ती गादी तेवढी पिंजून टाका हो." तो म्हणे, "बघू." तिला सांगायला काय जात होतं! त्या गादीत मधोमध ढमीचा खड्डा होता. फोटोत तिचा चेहरा होता, वह्यांत अक्षर होतं, पण तिचं वजन फक्त त्या गादीत राहिलं होतं. मशीनमध्ये घातली की तेही गेलं. रोज सकाळी बायको दूध आणायला बाहेर पडली, की तो त्या गादीच्या कडेला दहा मिनिटं आडवा होई. मधली जागा सोडून. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

एक दिवस भर दुपारी रस्त्यावरून एक गुंडाळलेली गादी दोन पायांवर चालत येताना दिसली. खाली बायको होती. तीन जिने उतरून एकटीने आणली होती. दुकानात गादी टाकून ती धापा टाकत उभी राहिली.

"सगळ्या गावाच्या गाद्या पिंजता. घरचीच तेवढी जड जाते?"

"अगं, पण..."

"मी रोज दुपारी तिच्यावर जाऊन पडते," ती एकदम म्हणाली. "कडेला. तिच्या जागेवर नाही. पण मग मला उठवतच नाही हो. संध्याकाळ होते, भांडी तशीच पडलेली असतात. दमले मी. पिंजून टाका."

त्याने गादी पसरली. हात सवयीने फिरू लागला. या कडेला खड्डा, लांब. हा त्याचा स्वतःचा. त्या कडेला खड्डा, आखूड, गुडघे पोटाशी घेतलेल्या बाईचा. मग ढमीसाठी हात मधे नेला. हात खाली गेलाच नाही, वर आला.

त्याने पुन्हा फिरवला. पुन्हा तेच.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"हा खड्डा तुझा. हा माझा."

"तुमचा?"

"मी सकाळी पडतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "आणि तिचा?"

त्याने तिचा हात धरून मधल्या उंचवट्यावर ठेवला. "जागा सोडून झोपलो ना आपण, दोघंही. दोन्हीकडचा कापूस सरकत सरकत तिच्या जागेत गेला. बुजवला आपणच."

ती रडली नाही. रडायलाही अंगात बळ लागतं. ती गादीवर बसली आणि हळूच आपल्या कडेला कलंडली. त्याने शटर अर्धं ओढलं आणि तो आपल्या कडेला आडवा झाला. बाहेरून कुणीतरी "आहे का कोणी?" म्हणून हाक मारली. दोघांपैकी कुणी उठलं नाही. कितीतरी दिवसांनी दोघांनाही गाढ झोप लागली.

संध्याकाळी त्याने खोळ उसवली. काळा पडलेला, गाठी झालेला कापूस निवडून टाकायचा, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा. त्या दिवशी त्याने काहीच टाकलं नाही. ढमीचा घाम कुठल्या पुंजक्यात होता, कुणास ठाऊक! बायको समोर बसून पुंजके हातात देत होती, तो सगळे पिंजत होता. तेवढाच कापूस त्याने परत भरला. इतकं वाईट काम त्याने जन्मात केलं नव्हतं.

शेवटचा टाका घालून त्याने वरून तळहात फिरवला. जागोजाग गाठी लागल्या, पण खड्डा कुठेच नव्हता. या गादीवर कोण कुठे झोपायचं, हे आता त्यालाही सांगता आलं नसतं.