वल्लीने न कोरलेले डोळे

"सार, बुबुळे मी कोरणार नाही," म्हणत वल्लीने छिन्नी पिशवीत टाकली. तंजावुरातल्या नव्या पार्कात तिच्यासमोर आम्ही दोघे उभे होतो, मी सरकारी इंजिनीअर आणि माझे मोठे साहेब. उद्घाटन परवावर आले होते.

शिल्प होते भाताची लावणी करणाऱ्या बाईचे. ग्रॅनाइटची, कमरेत पुरी वाकलेली, हातात रोपांची जुडी. गालाला चिकटलेली बटसुद्धा झकास उतरली होती. फक्त डोळे कोरे होते. परदेशी टीव्ही तेव्हा नुकते दुकानांत येत होते आणि पार्कांना स्पॉन्सर मिळू लागले होते. आमचा स्पॉन्सर टीव्हीचा डीलर. आंधळ्या बाईशेजारी तो आपला बोर्ड लावायला तयार नव्हता.

वल्ली देवळांच्या मूर्ती घडवणाऱ्या घरातली. मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी, पूजा करून उघडतात. ते उघडले की दगडाचा देव होतो. साहेब म्हणाले, पूजा राहू दे, नुसती बुबुळे कोर.

"माझी आई अशीच राबली, सार. घरी आली की मी तिच्या पाठीवर चढायची. हिच्याही पाठीवर पोरांनी बसावे म्हणून ती एवढी घासली. देवीच्या पाठीवर कोण बसू देईल?"

साहेबांनी मला बाजूला घेऊन तिच्या बिलावर 'काम अपूर्ण' असा शेरा मारायला सांगितले. मी त्या पाठीवरून हात फिरवला, 'काम पूर्ण' लिहिले आणि सही ठोकली.

"राव, तुम्ही कुणाच्या बाजूचे?" साहेबांनी विचारले.

"शिल्पाच्या," मी म्हणालो. नोकरीत एवढे बरे मला क्वचितच वाटले असेल.

साहेबही कमी नव्हते. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून त्यांनी काळ्या ऑइलपेंटची बुबुळे काढून घेतली. उद्घाटन झाले, टाळ्या पडल्या. पुढच्या शुक्रवारी जाऊन बघतो तर बाईच्या कपाळी कुंकू, गळ्यात हार. वाऱ्याने कापूर विझू नये म्हणून डीलरचा बोर्ड उपटून आडवा लावलेला. पाठीवर चढलेल्या एका मुलीला पूजेला आलेल्या एका म्हातारीने दंड धरून खाली उतरवले.

साहेबांना घाम फुटला. सरकारी जागेत एकदा देऊळ झाले की ते हलवणे कुठल्याच इंजिनीअरच्या हातात राहत नाही. वल्लीला आणायला मलाच पाठवले.

ती टर्पेंटाइन आणि फडके घेऊन आली. म्हातारी आडवी आली. देवीचे डोळे पुसतेस, म्हणाली.

"पाट्टी," वल्लीने आजीला समजावले, "हे पेंटरचे डोळे आहेत. देवीचे असते तर मीच उघडले असते."

म्हातारी बाजूला सरकली. वल्लीने रंग पुसला, हार काढून म्हातारीच्या हातात दिला आणि स्वतः त्या पाठीवर चढून बसली. डबा उघडून दहीभात खाल्ला. तिचे खाऊन होईपर्यंत मुलांची खाली रांग लागली होती.

काम कुठे थांबवायचे ते करणाऱ्याला विचारावे. डीलरला फार तर बोर्ड कुठे लावायचा ते विचारावे.