कुमुदच्या गोष्टीतली सासू

अजनीच्या पुलापर्यंत कुमुद बोललीच नाही. संकष्टीला आम्ही दोघी शेजारणी मनीषनगरातून टेकडीच्या गणपतीला पायी जातो, आणि एरवी तिचं तोंड मिटत नाही. ती शाळेत विज्ञान शिकवते आणि कथा लिहिते. तिच्या कथेत यंत्र असतं, पण ते स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर ठेवलेलं.

यंदाच्या दिवाळी अंकातल्या तिच्या कथेत विसरभोळ्या सासूला आठवण परत देणारं यंत्र आहे. सासूला सगळं आठवू लागतं, तशी ती पूर्वीसारखी टोचून बोलू लागते. शेवटी सून गुपचूप यंत्र बंद करते.

"छान जमली गोष्ट," मी म्हटलं.

"काय छान वं! आमच्या आई विसरतात तर मले बरं वाटते. तेच लिहिलं मी." तिनं मान खाली घातली. "अन् त्या पेढे वाटून राहिल्या, सुनेचं नाव छापून आलं म्हणून. बाकी सगळं विसरतात, हे नाही विसरत. डोळ्यानं दिसत नाही, तर रोज म्हणतात, मले वाचून दाखव."

मी मनातल्या मनात गणपतीचं नाव घेतलं.

"तू वाच त्यायले," ती म्हणाली. "माझ्यानं होत नाही. फक्त शेवटी सुनेनं यंत्र चालूच ठेवलं, असं वाच."