आतला गट, बाहेरचा गट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. सांगायला बसले की मधेच दुसरंच काहीतरी बोलत सुटते – त्या गावचं पाणी कसं जड होतं, एस.टी. किती उशिरा यायची – आणि मूळ गोष्ट राहूनच जाते. मग माझीच मला चीड येते. आज बोलून टाकते. तुम्ही फक्त ऐका.

मी गंगाखेडची. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर दोनेक वर्षांनी परभणीला बालवाडीचं प्रशिक्षण घेतलं आणि जिंतूरकडच्या एका गावात बालसेविका म्हणून लागले. बावीस वर्षांची होते. प्रशिक्षणात एकच गोष्ट आमच्या डोक्यात भरली होती – एवढ्याशा लेकरांच्या हातात पाटी-पेन्सिल देऊ नका, त्यांना खेळू द्या. आत ठोकळे, मणी, भातुकली. बाहेर माती, पाणी, झोका. ठोकळ्यावर ठोकळा ठेवताना लेकराला तोल कळतो, एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात ओतताना कमी-जास्त कळतं. मला हे नुसतं पाठ नव्हतं, मनापासून पटलेलं होतं. त्याचाच जास्त संताप येतो. न पटलेल्या बाईनं केलं असतं तर एक वेळ समजलं असतं.

बालवाडीला जागा दिली आबांनी. आबा म्हणजे गावातले मोठे शेतकरी. कापूस ठेवायची त्यांची एक खोली रिकामी पडली होती. पुढे अंगण, अंगणात लिंबाचं झाड. पटावर तेवीस लेकरं – सोळा गावातली, सात बौद्ध वस्तीवरची. वस्तीवरची पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी आली. डोक्याला तेल, अंगात धुतलेले कपडे. सगळ्यांत पुढे चार वर्षांची सुजाता. तिची आई कमळाबाई तिला सोडायला आली होती आणि शेतावर जायला उशीर होत असूनही अंगणाच्या तोंडाशी उभी राहून बघत होती.

मी दोन गट केले. आतला गट आणि बाहेरचा गट. अर्ध्या वेळानं बदलायचे, असं वेळापत्रकात सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीला चिकटवलं. आणि बदलले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, महिना झाला तरी नाही. सोळा आत, सात बाहेर. आतली मन मानेल तेव्हा बाहेर यायची. बाहेरची आत जायची नाहीत.

ऐकताना तुम्हाला कळलंच असेल. पण थांबा – हे एवढंच असतं तर मी इतकी वर्षं गप्प बसले नसते.

बाहेर त्यांचे हाल होते असं नाही. मी लिंबाला दोरीचा झोका बांधून घेतला. चिखलाच्या भाकऱ्या थापायला शिकवल्या. सुजाता चिंचोके गोळा करून लहान-मोठे असे वेगळे लावायची, मी न सांगता. चुकला की स्वतःशीच म्हणायची, "ह्यो इकडं न्हाई." तिचं मला कौतुक वाटायचं. कौतुक करत करत मी तिला बाहेर ठेवत होते. हे दोन्ही एका माणसाला एकाच वेळी कसं जमतं? मला जमत होतं.

अधूनमधून ती दारापाशी येऊन उंबऱ्याला हात न लावता विचारायची, "बाई, आमची पाळी कवा?" मी म्हणायची, "उद्या." चार वर्षांच्या लेकराला उद्या म्हणजे काय ते कळत नाही, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. त्याचा मी असा उपयोग केला.

दिवाळीनंतर तालुक्याहून मुख्यसेविका तपासणीला आल्या. आमच्यावरच्या अधिकारी, कडक बाई. अंगणात सात लेकरं खेळताना बघून खूश झाल्या. म्हणाल्या, "बाकीच्या बायका लेकरांना खोलीत कोंडून ठेवतात. तुम्ही बाहेरचा खेळ मनावर घेतलात." मग भिंतीवरचं वेळापत्रक वाचून घड्याळ बघितलं. "आता गट बदलायची वेळ झाली. बदला, मला बघू द्या."

बदलले. सात लेकरं आत आली आणि उभीच राहिली. कशाला हात लावावा ते त्यांना समजेना. मग सुजाता खाली बसली, तिनं ठोकळे ओढले आणि घर बांधायला लागली. मधे दाराची जागा सोडून, वर आडवा ठोकळा टेकवून. पहिल्याच खेपेला. आतल्या गटातल्या एकालाही तोवर तसं दार जमलं नव्हतं. अर्धा तास तिनं मान वर केली नाही. मुख्यसेविकांनी वहीत काहीतरी लिहिलं, माझ्याकडे बघून हसल्या आणि दुपारच्या एस.टी.नं गेल्या.

आता सांगते.

त्या गेल्या तशी मी सातही लेकरांना बाहेर काढलं. बादलीत पाणी घेतलं आणि ठोकळे धुवायला बसले. एकेक करून. मणी, भातुकलीची भांडीसुद्धा. कुणी बघितलं असेल, कुणाची आई भांडायला येईल, तर सांगता यावं की मी धुतलंय. कोणी आलं नव्हतं. कोणी बोललंही नव्हतं. मी आपली धूत होते.

सुजाता शेजारी येऊन उकिडवी बसली. "मी धू का, बाई?" तिला वाटलं, हाही खेळ आहे – पाण्याचा. मी तिला नको म्हणायला हवं होतं, नाही का? की म्हणायला नको होतं? मी पुढचा ठोकळा घासायला घेतला. तिनं बाह्या वर केल्या आणि आपण हात लावलेले ठोकळे आपल्याच हातानं घासून घासून धुतले. धुतलेला प्रत्येक ठोकळा मला दाखवत होती, स्वच्छ झाला का म्हणून. मी मान हलवत होते. सगळे झाल्यावर तिला पुन्हा बाहेर बसवलं आणि ठोकळे मी एकटीनं आत नेऊन ठेवले.

लेकरं खेळातून शिकतात. पुढच्या आठवड्यात ती अंगणात खड्यांचं घर मांडायची आणि मांडून झालं की एकेक खडा पाण्यात बुडवून बाजूला ठेवायची. बाकीचे सहाजण तिचं बघून तसंच करायचे. मी ते बघत होते.

कमळाबाई एका सकाळी आली. शेतावर न जाता आली होती. तिचा आवाज चढलेला नव्हता. म्हणाली, "बाई, पोरगी घरी वाट्या धुवून ठिवायली. मी म्हणलं, काय करायलीस? तर म्हणती, आपून हात लावला की धुवावं लागतं. हे कुणी शिकीवलं तिला?"

मी शिकवलं म्हणायचं होतं. दोन शब्द. त्याऐवजी मी म्हणाले, "खोली आबांची आहे. त्यांनीच सांगितलंय, वस्तीवरची लेकरं आत नकोत. माझा नाइलाज आहे."

आबा मला असं काही म्हणाले नव्हते. एकदाही नाही. मी त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं. पहिल्या दिवशी गट केले ते माझे मीच, आपलं आपणच भिऊन – गंगाखेडला आमच्या घरी जसं चालायचं तसं.

कमळाबाई सुजाताचं बखोट धरून घेऊन गेली. दुसऱ्या दिवसापासून सातही लेकरं यायची बंद झाली. मी वस्तीवर गेले नाही. हजेरीपटात गैरहजेरीचं कारण लिहायचा रकाना होता. त्यात मी लिहिलं – पालकांची अनास्था.

महिनाभरानं आबा छपराची कौलं बघायला आले. अंगणात इकडेतिकडे बघून म्हणाले, "बाई, वस्तीवरली लेकरं दिसंनात ती?"

काय सांगू, आबा काही साधुसंत नव्हते. त्यांच्या घरी वस्तीवरच्या गड्यांना पाणी वरूनच वाढायचे, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. मी विचारलं असतं तर ते नाही म्हणालेही असते. पण विचारलं नाही, म्हणून ते मला आजही माहीत नाही. त्या दिवशी तर ते आपणहून विचारत होते. सगळं परत लावायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "त्यांनाच शिकायचं नाही, आबा." ते "हां" म्हणाले आणि कौलांकडे बघायला लागले.

मुख्यसेविकांनी माझा अहवाल चांगला लिहिला. पुढे त्यांनी मला परभणीला नव्या बालसेविकांपुढे बोलायला बोलावलं. विषय – आतला खेळ आणि बाहेरचा खेळ. मी तासभर बोलले. चिंचोक्यांचं सांगितलं, ठोकळ्यांच्या दाराचं सांगितलं. मुलींनी वह्या भरभरून लिहून घेतलं. त्यानंतर दरवर्षी बोलवायचे. दरवर्षी जायचे. एकदाही जीभ अडखळली नाही.

त्या गावात दीड वर्ष झालं आणि माझी बदली पाथरीकडे झाली. ट्रंक घेऊन फाट्यावर उभी होते, तिथं कमळाबाई भेटली. डोक्यावर गवताचा भारा. तो खाली टाकून माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. बोलली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "चाललाव का बाई? तुमच्यावर राग न्हाई माझा. तुमी तरी काय करताव, खोली त्यांची."

आम्ही दोघीच होतो. एस.टी. यायला वेळ होता, चांगला वेळ होता. मी "हो ना" म्हणाले. मग तिनंच माझी ट्रंक उचलून गाडीत चढवून दिली.